पात्यावरची पुसलेली अक्षरे

लोणावळ्याच्या आमच्या घरात वडिलांचा एक मिटता चाकू होता. वडील रेल्वेत होते. पेन्सिलीला टोक काढणे, पेरू कापणे, सुतळी तोडणे ही सगळी कामे तो चाकू करी. ते गेल्यावर मी तो गंजलेला चाकू धारवाल्याकडे नेला आणि चकचकीत करून आणला. पात्याच्या मुळाशी काही अक्षरे होती, ती चाकाखाली नाहीशी झाली. पुढे वीसेक वर्षांनी जुने चाकू जमवू लागलो, तेव्हा कळले की चाकूचे वय आणि गाव त्या अक्षरांतच असते.

‘चाकू’ हा शब्द तुर्कीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मावळच्या शेतकऱ्याचे हत्यार कोयता. तो कमरेच्या आकडीत अडकवलेला असे. लहान चाकूची खरी गरज लिहिणाऱ्याला. बोरूचे टोक झिजले की पुन्हा तासावे लागे, म्हणून मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या साहित्यात दौतीबरोबर चाकू हवाच. इंग्रजीतले ‘पेननाइफ’ हे नावही पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडले. पोलादी टाक आले, बोरू मागे पडला; चाकू मात्र खिशात राहिला.

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली. तोवर खोपोलीहून घाट चढून यावे लागे. मुंबई बंदरात उतरलेल्या विलायती मालाला आता घाटमाथ्याची वाट मोकळी झाली.

या मालात इंग्लंडच्या शेफील्डचे नाव मोठे. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांची खूण म्हणजे तारा आणि माल्टीज क्रूस. शेफील्डच्या चाकूंच्या मुठींना हिंदुस्थानातले सांबरशिंग फार वापरत. म्हणजे आपल्याच जंगलातले शिंग समुद्रापार जाई आणि पाते लावून परत येई! जर्मनीतले सोलिंगेन हे शेफील्डचे प्रतिस्पर्धी.

वय ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. मुकुट आणि ‘व्ही. आर.’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीची. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. ‘जी. आर.’वरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण जॉर्ज नावाचे राजे अनेक झाले. परदेशी मालावर देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला; त्यामुळे ‘इंग्लंड’ असा छाप असलेला चाकू बहुधा त्यानंतरचा. ‘स्टेनलेस’ लिहिलेले पाते १९१३ पूर्वीचे असणार नाही, कारण हॅरी ब्रियरलीने शेफील्डमध्ये ते पोलाद तयार केले त्याच वर्षी.

दुसऱ्या महायुद्धातला फौजी चाकू वेगळा ओळखू येतो: काळी, चौकटी नक्षीची मूठ, एक रुंद पाते, डबा उघडायचे हत्यार आणि अनेकदा दोराच्या गाठी सोडवायचा जाड दाभण. सरकारी मालावर बाणाची खूण असे. लोणावळ्यात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी नौदलाचे ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. युद्धानंतर लष्कराचा उरलेला माल विक्रीला निघाला आणि असे चाकू सामान्य माणसाच्या हाती आले.

आज हे चाकू मिळतात कुठे? पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी. मुंबईच्या चोरबाजारात भाव चढे असतात. मला सर्वांत स्वस्त चाकू मिळाले ते भंगारवाल्याच्या डब्यात. नाव वाचता येणारा, अखंड मुठीचा चाकू महाग पडतो. रोज वापरायचा असेल तर मूठ तडकलेली चालेल. पण पाते डुगडुगता कामा नये, मिटताना चटकन बसावे आणि धार लावून लावून निमुळते झालेले नसावे. साध्या पोलादावर पेरूचा काळा डाग पडतो. तो घासू नये. पुसून तेलाचा हात फिरवला की पुरे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. वन्यजीव कायद्यामुळे सांबरशिंग आणि हस्तिदंत यांच्या मुठींची खरेदी-विक्री करू नये. आणि खिशातला चाकू लहान असला, तरी पोलिसांचे मनाई आदेश लागू असताना तो घरीच ठेवावा.

वडिलांच्या चाकूसारखी ठेवण असलेले तीन चाकू आज माझ्याकडे आहेत. एक शेफील्डचा, दोन सोलिंगेनचे. शेजारी ठेवले की चारही भाऊ वाटतात. पण वडिलांचा कुणाचा, हे मला कधीच सांगता येणार नाही. तो प्रश्न मीच दीडशे रुपये मोजून मिटवून टाकला. दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या घरी असा चाकू निघाला, तर घासण्यापूर्वी उजेडात धरून पात्याचे मूळ वाचा, फोटो काढा आणि तो कुणाचा होता हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. गंज नंतरही काढता येतो.