३२७ : एका कॉलेज सीझनची गोष्ट

आज क्रिकेटवरच बोलायचंय, पण आयपीएल नाही. कॉलेजचं क्रिकेट.

विद्यापीठांच्या आपसातल्या स्पर्धेला रोहिंटन बारिया चषक म्हणतात. १९३५-३६ पासून चालू आहे. मी करडीहून नागपूरला बीटेक करायला गेलो, तेव्हा आमच्या कॉलेजची मॅच बघायला सहा जण असायचे. त्यातले दोघं राखीव खेळाडू. म्हणून कॉलेजच्या मॅचमधून काही घडतं यावर माझा विश्वासच नव्हता.

आता हे ऐका. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात सायन्सला एक पोरगा होता, अजित वाडेकर. त्याला इंजिनियर व्हायचं होतं. बसमध्ये सिनियर बाळू गुप्तेंनी विचारलं, टीमला बारावा गडी पाहिजे, येतो का? ३ रुपये मिळतील. हा गेला. (आम्हाला कोणी विचारलंच नाही, बाप्पा!) पुढे वाडेकरांनी विद्यापीठ स्पर्धेत ३२४ धावांचा विक्रम केला.

तो मोडला १९७०-७१ च्या सीझनमध्ये. सेंट झेवियर्स कॉलेजचा सुनील गावसकर, ३२७. फक्त तीन धावा जास्त, पण त्या पोराला त्यांची गरज होती. रणजीच्या पहिल्या मॅचमध्ये तो शून्यावर गेला होता. मामा माधव मंत्री मुंबईच्या निवड समितीत, मग लोक काय म्हणणार? वशिल्याचा तट्टू! पुढच्याच मॅचमध्ये त्याने राजस्थानविरुद्ध शतक ठोकलं, तरी असं बोलणं सहजासहजी पुसलं जात नाही. ३२७ला मात्र कुठला मामा पुरत नाही.

१९७१ च्या सुरुवातीला वेस्ट इंडिज दौऱ्याची टीम निवडली. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी कॅप्टन झाले वाडेकर. आणि त्यांच्या टीममध्ये २१ वर्षांचा गावसकर! ज्यांचा विक्रम मोडला, त्यांच्याच हाताखाली.

बोटाला इन्फेक्शन झाल्यामुळे पहिली टेस्ट हुकली. दुसरी पोर्ट ऑफ स्पेनला, ६ मार्च १९७१ पासून. गावसकर ६५ आणि नाबाद ६७. भारत ७ विकेटनी जिंकला, वेस्ट इंडिजविरुद्धचा आपला पहिला टेस्ट विजय. शेवटच्या टेस्टमध्ये तर दाढदुखी सोसत १२४ आणि २२०. चार टेस्टमध्ये ७७४ धावा! मालिका १-० ने आपली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाडेकरांची टीम ओव्हलवर उतरली. ते पुढच्या भागात.