१९२० सालची दुसरी सही

१९२० साल म्हटले की आपल्या घरांत खिलाफत आठवते. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. पण मागच्या वर्षी इतिहासाचे सर रजेवर असताना त्यांचा तास माझ्याकडे आला. भायखळ्याचे खिलाफत हाऊस, अली बंधू, गांधीजींचा असहकार आणि ऑगस्ट १९२० मध्ये पॅरिसजवळ तुर्कस्तानवर लादलेला सेव्हर्सचा तह, एवढे मी फळ्यावर लिहिले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झालेल्या आणखी एका करारावर भारताचे नाव आहे, हे मला बी.एड. होईपर्यंत कुणी सांगितले नव्हते. तयारी करताना ते वाचनात आले.

तो स्वालबार्ड करार, ९ फेब्रुवारी १९२० चा. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्यामधली बर्फाळ बेटे. या कराराने तिथली सत्ता नॉर्वेला मिळाली, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे मासेमारी, शिकार, खाणकाम यांचे समान हक्क मिळाले. भारताच्या वतीने सही केली ब्रिटनने. आपले लोक इंग्रजांकडे न्याय मागत होते आणि इंग्रज आपल्याला न विचारता आपल्या नावाने करार करत होते. सेव्हर्सच्या तहाने आपण दुखावलो. या कराराची आपल्याला खबरही नव्हती.

कागदावरचा हक्क वापरायला इल्म लागतो. तो जमवण्याचे मोठे काम आपल्या शेजारी, गोव्यात झाले. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सय्यद जहूर कासिम हे अलाहाबादचे, अलीगढला शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ. त्यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. ती दक्षिण ध्रुवाची मोहीम होती, पण बर्फात राहून काम कसे करायचे हे भारत तिथे शिकला. कासिमसाहेब पुढे जामिया मिलियाचे कुलगुरू झाले. टिपू सुलतानवर तासभर वाद घालणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव माहीत नसते, याची मला खंत वाटते.

१९९८ मध्ये वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे केंद्र उभे राहिले. याच केंद्राने २००७ साली पहिली तुकडी उत्तरेला पाठवली. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंद गावात 'हिमाद्री' हे भारतीय केंद्र सुरू झाले. हे गाव पूर्वी कोळशाच्या खाणीचे होते. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, खाण बंद पडली आणि पुढे तिथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ आले.

या गावाजवळ जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते; उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो. जर्मन शास्त्रज्ञ १९९८ पासून बायेल्व्हा नदीकाठी जमिनीत तापमापक पुरून मोजमाप करत आहेत. गोठलेली माती तापते आहे, असे त्या नोंदी सांगतात. अशा मातीत हजारो वर्षांचा पालापाचोळा न कुजता पडून असतो. ती वितळली की तो कुजू लागतो, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हवेत जातात, आणि गाळ नदीवाटे समुद्रात. अस्वलाच्या भीतीने बंदूक बाळगत, थंड पाण्यात उभे राहून नमुने घ्यायचे, असे तिथले काम असते.

वर्गात एक मुलगी म्हणाली, "सर, तिथल्या बर्फाचं आपल्याला काय?"

मी तिला कामोठ्याबद्दलच विचारले. आपल्या इमारती कशावर उभ्या आहेत? खाडीलगतच्या सखल जमिनीवर, भरावावर. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की रस्त्यावर पाणी का थांबते, हे तिला ठाऊक होते. जमिनीवरच्या हिमनद्या वितळल्या की समुद्र वाढतो. शिवाय उत्तरेकडच्या कारा समुद्रातले उन्हाळी बर्फ घटणे आणि आपल्याकडे सप्टेंबरअखेर पडणारा अतिवृष्टीचा पाऊस यांत संबंध असू शकतो, असे वास्कोच्या केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले.

पालकहो, पनवेलहून कोकण रेल्वे थेट गोव्याला जाते. मुलगी विज्ञानाला जाते म्हणाली तर "आपल्यात कोण करतं असलं?" असे म्हणू नका. कासिमसाहेबांचे नाव सांगा. १९२० साली आपल्याला कुणी विचारले नाही. आज तिला विचारणारे आपणच आहोत.