दहा सहस्र पावले : एका संख्येचा इतिहास आणि स्थूलताशस्त्रक्रियेनंतरचे वैयक्तिक लक्ष्य

जठरावर वा आतड्यावर शस्त्रक्रिया करून अतिस्थूलता कमी करण्याचा उपचार घेतलेल्या रुग्णास घरी परतल्यावर पुष्कळदा एकच संख्या सांगण्यात येते : दिवसाकाठी दहा हजार पावले. ही संख्या इतक्या निश्चयाने उच्चारली जाते, की ती शरीरशास्त्राच्या एखाद्या नियमातून निघाली असावी, असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही. या संख्येस स्वतंत्र इतिहास आहे, आणि तो बराचसा वैद्यकाच्या बाहेर घडलेला आहे. जो रुग्ण तीन हजार पावलांवर थकून बसतो आणि आपण अपयशी ठरलो असे मानतो, त्याच्या दृष्टीने हा इतिहास केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

पावले मोजण्याची विद्या प्रथम भूमीच्या मापनासाठी वाढली. तिचे आपल्या देशातील सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या सेवेतील ‘पंडित’ होत. कॅप्टन टॉमस माँटगोमेरी याने कुमाऊँच्या पहाडांतील नैनसिंह रावत व त्याचा भाऊबंद मणिसिंह यांना डेहराडून येथे समान अंतराची पावले टाकण्याचे शिक्षण दिले. चढ असो वा उतार असो, पाऊल तेवढेच पडले पाहिजे, अशी अट होती. तिबेटात परकीयांस प्रवेश नव्हता. म्हणून मोजणीचे साधन यात्रेकरूच्या माळेत दडविण्यात आले. माळेत नेहमीच्या १०८ ऐवजी १०० मणी ठेवले होते. शंभर पावले झाली की एक मणी सरकवावयाचा. अर्थात् माळेचा एक फेरा पुरा झाला म्हणजे दहा हजार पावले, सुमारे पाच मैल. नैनसिंह १८६६ च्या जानेवारीत ल्हासास पोहोचला. येथेही दहा हजार हाच आकडा भेटतो, हा निव्वळ दशमानाचा योगायोग होय. परंतु त्याचा अर्थ पाहण्याजोगा आहे. पंडिताच्या माळेतील दहा हजार हे मागे पडलेल्या वाटेचे माप होते. ‘एवढे चाललेच पाहिजे’ अशी आज्ञा तिच्यात नव्हती.

हालचालीचा संबंध रोगाशी आकड्यांनी जोडण्याचे श्रेय लंडनच्या जेरेमी मॉरिस यांच्याकडे जाते. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणारे चालक आणि वरखाली जिने चढत तिकिटे देणारे वाहक यांची तुलना करता, हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले. एकाच संस्थेत, एकाच गाडीवर, जवळजवळ सारख्याच वेतनावर असणारी ही माणसे. म्हणून ही तुलना फार प्रभावी वाटली.

पण मॉरिस यांची खरी योग्यता या शोधाहून अधिक त्यांनी स्वतःच घेतलेल्या शंकेत दिसते. १९५६ मध्ये त्यांच्या गटाने गणवेशांच्या मापांचा अभ्यास केला. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा होता, आणि हा फरक तरुण वयातल्या नोकरांतही दिसत होता. म्हणजे बैठ्या कामाने चालक स्थूल झाला, की मुळात स्थूल प्रकृतीचा मनुष्य चालकाच्या जागेकडे वळला, हा प्रश्न उभा राहिला. शिंप्याच्या नोंदींतून कार्यकारणभावाची अशी फेरतपासणी करावी, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दहा हजारांची आज्ञा जन्मली ती तोक्योत. १९६४ च्या ऑलिंपिक क्रीडासामन्यांनंतर जपानात व्यायामाविषयी उत्साह पसरला होता. १९६५ मध्ये यामासा या घड्याळ-कंपनीने कमरेस अडकविण्याचे एक पदगणक यंत्र विक्रीस काढले व त्यास ‘मानपो-केइ’, म्हणजे ‘दहा सहस्र पावलांचे मापक’, असे नाव दिले. संख्या सुटसुटीत होती, उच्चारास सोपी होती. पुढे योशिरो हातानो आदी संशोधकांनी तिला शास्त्रीय आधार जोडला खरा, तथापि नाव आधी व समर्थन नंतर, हा क्रम विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० अमेरिकन स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दिवसास सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतच मृत्यूचे प्रमाण, २,७०० पावले चालणाऱ्यांच्या मानाने, पुष्कळ कमी आढळले. आणि ७,५०० च्या सुमारास हा लाभ स्थिरावला.

शस्त्रक्रियेचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर प्रभृतींनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या प्रयोगाचे वृत्त दिले. आयोवा येथील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा छोटा भाग वेगळा करून तो थेट आतड्यास जोडण्याची पद्धती सुरू केली. व्रणासाठी जठराचा अंश काढलेले रोगी कृश राहतात, हे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. या प्रारंभीच्या काळात शल्यविशारदांचे लक्ष आतडे, पोषण व वजनकाटा यांवर होते. रुग्ण पुढे किती चालतो, हे यंत्राने मोजण्याची पद्धत बऱ्याच उशिरा आली.

ते मोजले गेले तेव्हा अपेक्षाभंग झाला. डेल बाँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वीस रुग्णांचा एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी आपली हालचाल जवळजवळ पाचपट वाढली, असे रुग्ण सांगत होते. अंगावरील यंत्राने मात्र वाढ दाखविली नाही. यास लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचे शरीर हलके झाले, त्यास प्रत्येक हालचाल मोठी वाटणे स्वाभाविक आहे. वेंडी किंग यांच्या २०१२ च्या अधिक मोठ्या पाहणीत दैनिक पावले एका वर्षात सुमारे ७,५०० वरून ८,८०० पर्यंत गेलेली दिसतात, परंतु सुमारे चतुर्थांश रुग्णांची हालचाल पूर्वीपेक्षाही घटलेली होती. सरासरीच्या आड हे रुग्ण लपून जातात.

मग लक्ष्य ठरवावेच का? ठरवावे, असे पुरावा सांगतो. एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार ‘जमेल तेवढे करा’ या उपदेशापेक्षा निश्चित व काहीसे अवघड लक्ष्य अधिक काम करवून घेते. लेथम यांनी ही गोष्ट लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या मालमोटारचालकांवर पडताळून १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु ते लक्ष्य त्या मनुष्याने स्वीकारलेले व त्याच्या आवाक्यातले असले पाहिजे, ही अट सिद्धान्तातच आहे. ती उपदेशकांच्या हातून वारंवार गळते. पदगणकांवरील २६ अभ्यासांचे जे एकत्रित परीक्षण ब्रवाटा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केले, त्यात यंत्र वापरणाऱ्यांची हालचाल सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ज्यांच्यापुढे लक्ष्य होते त्यांची वाढली. मग ते लक्ष्य दहा हजारांचे असो वा स्वतःपुरते ठरविलेले असो. कार्य घडविले ते लक्ष्य असण्याने. दहा हजार या आकड्याची त्यास गरज पडली नाही.

माप प्रत्येक देहागणिक बदलते, याचा पुरावा पुण्याशी निगडित आहे. २००४ मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी आपलेच छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३ होता, चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. याच विचारसरणीचा परिणाम म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या विचाराची मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणण्यात आली. इतरत्र मधुमेहासारख्या विकारांसह ती ३० मानली जाते. शस्त्रक्रियेचा उंबरठा जर वंशानुसार बदलला, तर तिच्यानंतरच्या पावलांचा आकडा सर्वांस एकच का असावा, हे समजत नाही.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. वजन उतरते तशी त्याच अंतरास लागणारी शक्तीही कमी होते. १३० किलो वजनाने चाललेली पाच हजार पावले आणि ९० किलो वजनाने चाललेली पाच हजार पावले यांचा खर्च सारखा नसतो. आकडा स्थिर राहतो, पण त्यामागचे श्रम आटतात. उलट, पहिल्या आठवड्यांत आहार अत्यल्प असल्याने थोडेसे चालणेही जड जाते, आणि पुरेशी प्रथिने व व्यायाम यांच्या अभावी चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून अशा रुग्णाचे लक्ष्य एकदा ठरवून भिंतीवर लावण्यासारखे नसते. प्रथम आठवडाभर आहे तेवढीच हालचाल नोंदवावी, त्या आकड्यावर चिकित्सकाच्या संमतीने काही शेकड्यांची भर घालावी, आणि दर काही आठवड्यांनी दोन्ही पुन्हा तपासावीत. ज्याचे गुडघे झिजले आहेत त्याने पावलांऐवजी मिनिटे मोजावीत, पाण्यात चालावे, वा खुर्चीत बसून हातपाय हलवावेत. त्याच्या नोंदवहीत पावलांचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.