अकरा नंबरचा पाना: जुनी बजाज स्कूटर, परवान्यांचा काळ आणि घरची दुरुस्ती

जुन्या बजाज स्कूटरच्या इंजिनवरील अनेक नट ११ मिलिमीटरच्या पान्याने फिरतात. आजच्या मोटारसायकलींवर हा आकार क्वचितच सापडतो; तेथे १०, १२, १४ यांचे राज्य आहे. मग हा विषम आकडा छत्रपती संभाजीनगरातील घराघरांच्या माळ्यावर, गंजक्या डब्यांत कसा येऊन पडला? शोध घेऊ लागलो की इटलीतील एक विमान-अभियंता, दिल्लीतील एक सरकारी आदेश आणि वाळूजच्या माळरानावरील एक कारखाना अशी मंडळी एकामागून एक भेटत जातात. आजचा धागा त्यांच्याविषयी. थोडा लांबेल.

आरंभ इटलीत. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा पियाजिओ या विमाने बनवणाऱ्या कंपनीचा पोंतेदेरा येथील कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता. एनरिको पियाजिओ यांना सामान्य माणसाला परवडेल असे वाहन हवे होते. ते काम त्यांनी सोपवले कोरादिनो दास्कानियो यांच्याकडे. हे गृहस्थ हेलिकॉप्टरच्या आद्य अभिकल्पकांपैकी एक. १९३० साली त्यांच्या यंत्राने उड्डाणाचे विक्रम केले होते. गंमत अशी की त्यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तेलकट साखळीने कपडे खराब होतात, बसताना पाय उचलून टाकावा लागतो आणि पंक्चर झाले की चाक काढणे म्हणजे शिक्षा, ही त्यांची तक्रार.

२३ एप्रिल १९४६ रोजी ज्या वेस्पाचे पेटंट नोंदवले गेले, ती या तक्रारींचे उत्तर होती. साखळी नाही, इंजिन थेट मागच्या चाकाशेजारी. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलेले, म्हणून मोटारीच्या चाकासारखे नट सोडून बाजूला काढता येणारे. या स्कूटरच्या रचनेतच एक गृहीत होते, की रस्त्यात अडलेला माणूस मेकॅनिक नसेल, तो कारकून असेल, शिक्षक असेल, आणि त्याच्या अंगावर स्वच्छ कपडे असतील. घरच्या दुरुस्तीचा इतिहास लिहिताना आपण वापरणाऱ्याच्या कौशल्याविषयीच बोलतो. पण दुरुस्तीला वाव यंत्र बनवणाऱ्याने आधी ठेवावा लागतो.

बजाज समूहाने १९४८ पासून दुचाकी-तीनचाकींची आयात सुरू केली होती. १९५९ मध्ये भारतातच उत्पादन करण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पियाजिओशी झालेल्या करारानुसार पुण्याजवळ आकुर्डीत वेस्पा बनू लागली. याच सुमारास देशाची मापेही बदलत होती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली, १९५७ मध्ये दशमान नाणी आली. पण गॅरेजमध्ये अजून इंचाचे आणि सुताचे राज्य होते. आठ सूत म्हणजे एक इंच. आजही जुने फिटर ‘तीन सुताचा बोल्ट’ म्हणतात. मद्रासला बनणाऱ्या एनफिल्ड बुलेटचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, तर वेस्पाचे इटालियन म्हणून मेट्रिक. परिणामी एका गाडीचा पाना दुसरीला चालेना. इटालियन अभिकल्पकांनी इंजिनवर ७ मिलिमीटर जाडीचे बोल्ट मुबलक वापरले होते, आणि त्या बोल्टच्या नटाला लागतो ११ चा पाना. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली, नाव भारतीय झाले. आटे मात्र इटालियनच राहिले.

आता दिल्लीतील आदेशाकडे येऊ. १९६० मध्ये केंद्र सरकारने स्कूटरचे वितरण आणि विक्री यांवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. कोणत्या कंपनीने किती गाड्या बनवायच्या हे परवाना ठरवी, आणि गाडी कोणाला आधी मिळेल हे प्रतीक्षायादी. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यास गाडी लवकर मिळे. बाकीच्यांनी नाव नोंदवून वाट पाहायची, आणि ही वाट वर्षानुवर्षांची असे. लोकप्रिय मॉडेलसाठी दहा वर्षांपर्यंतची. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात दारी आली, अशा कथा या काळातल्या घराघरांत ऐकू येतात. आकडे पाहिले की या कथा अतिशयोक्त वाटत नाहीत. बजाजची एक लाखावी गाडी बाहेर पडली १९७० साली, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यावर सुमारे दहा वर्षांनी. एका आर्थिक वर्षात एक लाख गाड्या हा टप्पा १९७७ मध्ये गाठला गेला.

या पार्श्वभूमीवर एक लाडकी समजूत तपासावी लागते. ‘आमच्या वडिलांच्या पिढीला वस्तू जपण्याची सवय होती’ असे आपण अभिमानाने म्हणतो. सवय होती, यात शंका नाही. पण दुसरी गाडी मिळण्याची शक्यताच नसेल तर पहिली जपण्यावाचून पर्याय काय? रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरून स्कूटर उघडून बसलेले वडील हे चित्र रम्य आहे. त्या चित्राच्या चौकटीबाहेर एक लांबच लांब रांग उभी आहे. स्मरणरंजनात ती रांग पुसली जाते, हे मला खटकते.

त्या रविवारी नेमके काय चाले? या स्कूटरचे इंजिन दोन स्ट्रोकचे. त्यात वंगणासाठी वेगळी टाकी नसे. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि ते पेट्रोलबरोबर जळे. पुरते न जळलेले तेल कार्बन होऊन प्लगच्या टोकावर, पिस्टनच्या माथ्यावर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी साचत राही. तेल जास्त पडले की प्लग काळा. कमी पडले की पिस्टन आवळून इंजिन जाम. म्हणून प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून, फटीचे अंतर मोजून परत बसवणे हा जवळजवळ साप्ताहिक विधी होता. हे अंतर साधारण ०.६ मिलिमीटर. मोजायला फीलर गेज हवे. त्यानंतर काँटॅक्ट पॉइंट. फ्लायव्हीलच्या खिडकीतून दिसणारे हे दोन टिकले ठिणगीची वेळ ठरवीत. त्यांच्यातील फटही गेजनेच, ०.३ ते ०.५ मिलिमीटरमध्ये बसवायची. पुढे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले आणि हे काम संपले. स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारण्याची सवयही याच काळातली: पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चढावे आणि थंड इंजिनाला घट्ट मिश्रण मिळावे, हा हेतू.

चाकाचा भाग मला सर्वांत हुशारीचा वाटतो. रिम दोन अर्ध्या थाळ्यांची बनलेली, नटांनी एकमेकींना जोडलेली. नट सोडले की थाळ्या वेगळ्या होतात आणि ट्यूब हातात येते. टायर लोखंडी पट्ट्यांनी उचकटण्याची गरज नाही. पुढची-मागची चाके एकसारखी, त्यामुळे एकच जादा चाक दोन्हीकडे चालते. त्या चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे, तेथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला आरंभ केला. इंग्रजांनी हा शब्द बहुतेक विसरून टाकला, आपण तो अजून वापरतो. मात्र हाच दुभंगणारा रिम धोकादायकही आहे. चाकावर नटांची दोन वर्तुळे असतात. चाक काढताना हबचे नट सोडायचे; थाळ्या जोडणारे नट हवा पूर्ण सोडल्याशिवाय कधीही सोडायचे नाहीत. भरलेल्या हवेच्या दाबाने थाळी उडून चेहऱ्यावर येते.

आता आपल्या शहराकडे. १९ जानेवारी १९८४ रोजी तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाजच्या नव्या कारखान्याची पायाभरणी झाली, आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन. दुसऱ्याच वर्षी कंपनीने एका आर्थिक वर्षात पाच लाख गाड्यांचा टप्पा गाठला. रांग ओसरू लागली ती अशी. शहरासाठी मात्र या कारखान्याचा अर्थ केवळ गाड्यांपुरता नव्हता. बजाजनगर वसले, सुटे भाग, पत्र्याचे काम, जॉबवर्क करणारी लहान युनिटे आसपास उभी राहिली. मराठवाड्याच्या शेतकरी घरांतील, आयटीआय झालेली मुले तेथे फिटर, टर्नर, असेंब्लीचे कामगार म्हणून रुजू झाली. नट किती आवळायचा हे त्यांच्या मनगटाला ठाऊक झाले, आणि पाळी संपल्यावर ते मनगट घरी आले. माझ्या मते या शहरातील घरगुती दुरुस्तीचा खरा वारसा इथे आहे. गल्लीत एक तरी काका असा असायचाच, ज्याला विचारल्याशिवाय कोणी इंजिन उघडत नसे. २०१० मध्ये येथील खरेदीदारांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या तेव्हा देशभर बातमी झाली. असेंब्ली लाइनवरून घरी आलेल्या त्या मनगटांची बातमी कधी झाली नाही.

१९८६ मध्येच जपानी सहकार्याची कावासाकी-बजाज केबी १०० आली. जपानी परंपरेत ८ मिलिमीटरच्या बोल्टचे डोके बहुधा १२ चे. इटालियन स्कूटरवर तेच १३ चे. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गाड्या घरात असतील तर डब्यातही दोन देशांचे पाने हवेत.

आजोबांची चेतक हाती आली असेल आणि अवजारे घ्यायची असतील, तर हा इतिहास उपयोगी पडतो. भारतीय बाजारात दुतोंडी पाने जोडीने मिळतात: १०-११, १२-१३. या दोन जोड्यांवर स्कूटरचे बहुतेक काम भागते. फिक्स आणि रिंग असे दोन्ही प्रकार घ्यावेत. घट्ट बसलेला नट नेहमी रिंग पान्यानेच सोडावा, कारण तो नटाला सर्व बाजूंनी धरतो. जबडा सरकणारा स्क्रू पाना सोयीचा दिसतो आणि नटाचे कोपरे खातो. प्लगसाठी २१ चा बॉक्स पाना, शिवाय फीलर गेज, चांगला स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, तारेचा ब्रश. नाशिकच्या तापडिया टूल्सने स्वीडिश सहकार्याने हातअवजारे बनवायला १९६९ मध्ये सुरुवात केली.  जुन्या बाजारात ब्रिटिश पाने स्वस्त मिळतात, पण सावध राहावे: व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याच्या रुंदीचा नव्हे. तो मेट्रिक नटावर ‘जवळपास’ बसतो, आणि त्या ‘जवळपास’मध्ये नट गोल होतो.

घरी काय करू नये, हेही सांगायला हवे. सिलिंडरचा माथा ॲल्युमिनियमचा आहे. प्लग आधी हाताने आट्यात बसवावा, पाना शेवटी लावावा. फ्लायव्हील हातोडीने काढू नये, त्याला पुलर लागतो. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकण्याची जुनी सवय फुप्फुसांच्या मुळावर येणारी आहे, ओल्या फडक्याने पुसावी.

चेतकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. २०२० मध्ये त्याच नावाची विजेची स्कूटर आली. तिला प्लग नाही, कार्बोरेटर नाही, काँटॅक्ट पॉइंट तर नाहीच. जुन्या चेतकची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनी आणखी एक वाट उघडली: पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. नित्याच्या वापराला परवानगी नाही. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा.

१९७२ च्या पहिल्या चेतक २०२२ मध्ये या वयाच्या झाल्या. अशी गाडी कोणी विकायला आणली, तर इंजिनचे नट अवश्य पाहावेत. आटे गेले की अनेक गॅरेजांत ७ मिलिमीटरचे भोक मोठे करून ८ चा बोल्ट बसवून देत. ११ चा पाना जितक्या नटांवर अजून नीट बसतो, तितके इंजिन मूळचे राहिले आहे.