तळटीप : डेंपोंच्या खाणींचा सौदा

‘डेंपोंच्या खाणी सेसाकडे गेल्या’ : जून २००९. वेदान्त समूहातील सेसा गोवाने व्ही. एस. डेंपो कंपनी सुमारे १,७५० कोटी रुपयांना घेतली. डिचोलीची खाण त्यातलीच. अशा खरेदीआधी ताळेबंद, कर्जे, कोर्टकज्जे तपासतात. गोव्यात मात्र आधी पट्ट्याचा कागद पाहावा. पोर्तुगीज अमदानीतल्या खाण-सवलतींचे १९८७च्या कायद्याने पट्टे झाले. त्यांच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ला, म्हणजे सौद्याआधीच, सरली होती. पुढचे उत्खनन मुदतवाढ गृहीत धरून चालले. ते गृहीत सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी अमान्य केले. लेखकाचा ‘सौदा स्वस्तात पडला’ हा शेरा वाचकाने जपूनच घ्यावा. — संपा.