सान्वेईच्या शिखरावरून

चीनमधील तुनहुआंग नगराच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरवर मोगाओची लेणी आहेत. ज्या कड्यात ती कोरली, त्याच्या समोर नदीपात्रापलीकडे सान्वेई हा ओसाड डोंगर उभा आहे. आम्ही पहाटे निघून एका दिवसात तो चढून उतरलो. हेतू पर्यटनाचा नव्हता. एक कथा जागेवर जाऊन तपासावी, एवढाच होता.

इ. स. ३६६ मध्ये ले-त्सुन नावाचे भिक्खू येथे आले. त्यांना सहस्र बुद्ध प्रकटावेत तसा सुवर्णप्रकाश दिसला आणि त्यांनी कड्यात पहिले लेणे कोरले, अशी ही कथा. ती सांगणारा शिलालेख मात्र इ. स. ६९८ चा, म्हणजे ३३२ वर्षांनंतरचा आहे. नाव व वर्ष स्वीकारण्यास आमची हरकत नाही. प्रकाशाचा विचार वेगळा करावा लागतो.

प्राचीन चिनी ग्रंथ शू-चिंगमध्ये सम्राट शुनाने सान्मियाओ लोकांना सान्वेई येथे हद्दपार केल्याचा उल्लेख आहे. तो सान्वेई हाच, असे परंपरा मानते. हाकलणाऱ्यांच्या ग्रंथात हाकललेल्यांची बाजू अर्थातच नाही.

शिखरावर पोहोचल्यावर आमची थोडी फजितीच झाली. ज्या डोंगरावर आपण उभे आहोत, त्याचे तेज आपणांस दिसणार कसे? सायंकाळी उतरून आम्ही लेण्यांच्या पायथ्याशी थांबलो. मावळतीच्या किरणांनी समोरचा काळपट खडक काही क्षण सोनेरी झाला. आमच्या मते ले-त्सुन यांचे दर्शन ते हेच असावे. यात त्यांचा अधिक्षेप नाही. असा सूर्यास्त अनेकांनी पाहिला असेल. लेणे कोरावयास घेतले ते त्यांनी.

तथापि धम्म येथे त्यांच्याबरोबरच आला, असे समजू नये. सद्धर्मपुंडरीकाचे इ. स. २८६ मध्ये चिनी भाषांतर करणारे धर्मरक्ष तुनहुआंगचेच. त्यांचे घराणे युएची.

ले-त्सुन यांचे लेणे आज ओळखता येत नाही. उरलेल्यांपैकी सर्वांत जुनी २६८, २७२ व २७५ या क्रमांकांची असून ती सामान्यतः पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानली जातात. २७५ च्या दक्षिण भिंतीवर सिद्धार्थ नगरद्वारातून बाहेर पडत आहे. वृद्ध, रोगी व मृत पाहून गृहत्याग केला ही जी उपपत्ती बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये तर्काच्या कसोटीवर नाकारली, तीच इतक्या दूरच्या वाळवंटात, इतक्या लवकर चितारलेली पाहून आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो.