मोहनबागानची माणसं आणि पडद्यावरचा सामना

आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस कमी आणि माणसं जास्त. म्हणून ज्याला शेतात भागत नाही तो गलाईच्या धंद्यात जातो. सोनं-चांदी गाळायची, मुशीत वितळवायची, तेजाबात धुवायची, सोनाराच्या दुकानातल्या झाडलेल्या मातीतनं कण काढायचा. मद्रास म्हणा, लुधियाना म्हणा, कलकत्ता म्हणा, सोनारपेठ तिथं आमच्या भागातला माणूस असतोच. मी दहावी होऊन 1978 साली चुलत्यांच्या दुकानावर कलकत्त्याला गेलो, बहूबाजारला. सहा वर्षं काढली आणि विहिरीला पाणी लागल्यावर परत येऊन शेतीला लागलो. त्या सहा वर्षांत सोनं किती हाताखालनं गेलं त्याचा हिशेब मालकाकडं. माझ्याकडं शिल्लक राहिला तो मोहनबागान.

मोहनबागान म्हणजे फुटबॉलचा क्लब, हे आता टीव्हीमुळं पोरांना माहीत आहे. पण तिकडं क्लब म्हणजे नुसती अकरा पोरं नव्हेत. आपल्याकडं जसं घराणं, भावकी, गावचा देव, तसं ते असतं. आमच्या दुकानाच्या शेजारी दागिने घडवणारे एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना दादू म्हणायचे, म्हणजे आजोबा. मी पहिल्या दिवशी बोहनीला त्यांच्याकडं विस्तव मागायला गेलो तर त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "तू कुठल्या बाजूचा?" एवढंच विचारलं. मला कळेना. मग चुलत्यांनी सांगितलं, "म्हण मोहनबागान. ह्या गल्लीत तेच चालतं." मी म्हणलो आणि विस्तव मिळाला.

संध्याकाळी भट्टी विझली की ओट्यावर बैठक बसायची. मुढी, खोबऱ्याचे तुकडे, मातीच्या भांड्यात चहा. आणि बोलणं काय, तर 1911. मी ऐकताना हिशेब घालायचो. 1911 ला अडुसष्ट-एकोणसत्तर वर्षं झाली, मग ह्यातल्या एकानं तरी तो सामना बघितलाय काय? नाही. दादू त्यावेळी जन्मलेसुद्धा नव्हते. पण सांगायचे असं, की पायाला चिखल लागलाय. बापानं सांगितलेलं, आजानं सांगितलेलं. आमच्याकडं पटकी आणि प्लेगच्या गोष्टी म्हातारी माणसं अशीच सांगायची, स्वतः पाळण्यात असतानाच्या.

आता तो सामना काय होता ते सांगतो. मोहनबागान क्लब स्थापन झाला 15 ऑगस्ट 1889 ला, उत्तर कलकत्त्यात. आयएफए शील्ड ही स्पर्धा 1893 पासून चालू झालेली. ती जिंकायच्या गोऱ्या पलटणींनी, हा रिवाज. 1911 साली मोहनबागाननं सेंट झेवियर्सला हरवलं, मग रेंजर्सला, मग रायफल ब्रिगेडला. उपांत्य सामन्यात मिडलसेक्स पलटणीशी एक-एक बरोबरी झाली, तो पुन्हा खेळवला आणि तीन-शून्यनं मारला. शेवटचा सामना 29 जुलैला, शनिवारी, ईस्ट यॉर्कशायर पलटणीशी. ह्यांच्यातले दहा जण अनवाणी. बूट घातलेला एकटा सुधीर चटर्जी.

अनवाणी म्हणलं की शहरातल्या माणसाला कीव येते. शेतकऱ्याला वेगळं कळतं. कोरड्या रानात अनवाणी माणूस बुटवाल्यापेक्षा चपळ असतो, त्याला जमीन कळते. पण जुलै महिना, कलकत्त्याचा पाऊस. ओल्या मातीत उघडा पाय धरत नाही, घसरतो. आणि समोरच्याच्या बुटाला टाचा. घोट्यावर एक बसली तर आठ दिवस माणूस उठायचा नाही. त्या पायांनी त्यांनी पलटणीशी झुंज घेतली.

पहिला गोल गोऱ्यांनी केला, जॅक्सननं. मग कप्तान शिबदास भादुरीनं बरोबरी केली आणि वेळ संपत आली असता अभिलाष घोषनं दुसरा गोल घातला. दोन-एक. माणसं ऐंशी हजार ते लाखभर जमली होती असं त्यावेळच्या वर्तमानपत्रांत आलं. रेल्वेनं जादा गाड्या सोडल्या होत्या. ज्यांना सामना दिसत नव्हता त्यांना कळावं म्हणून पतंगावर गोलाचा आकडा लिहून वर सोडत होते. दादूंच्या गोष्टीत तो पतंग कायम असायचा. त्यांच्या वडलांनी म्हणे खेळाडू एकही बघितला नाही, नुसता पतंग बघितला आणि नाचत घरी आले.

ह्या सामन्याचा मान एवढा का, हे समजायला त्या आधीची सहा वर्षं बघावी लागतात. 1905 ला कर्झननं बंगालची फाळणी केली. स्वदेशी, बहिष्कार सुरू झाला. 1908 ला खुदीराम बोस फासावर गेला. त्याच मुजफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणावर केसरीत लेख लिहिले म्हणून आपल्या टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि 1911 ला हा सामना झाला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रज म्हणायचा, बंगाली माणूस लेखणीचा, त्याच्या अंगात दम नाही. अशा वेळी लाखभर लोकांदेखत, पंचाच्या शिट्टीवर, त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी पलटण हरली. बंदूक लागली नाही, कुणाला तुरुंगात टाकता येईना. लोक वेडे झाले ते त्यामुळं.

ओट्यावर एक गोष्ट हमखास निघायची. सामना संपल्यावर गर्दीतल्या एकानं फोर्ट विल्यमवरच्या इंग्रजी निशाणाकडं बोट करून विचारलं, "ते कधी उतरणार?" तर उत्तर आलं, "मोहनबागान पुन्हा शील्ड जिंकंल तेव्हा." आणि खरंच, मोहनबागाननं शील्ड दुसऱ्यांदा जिंकली ती 1947 साली. हे दोन्ही साल खरे आहेत. तो प्रश्न आणि ते उत्तर मात्र माझ्या मते मागाहून जोडलेलं. पण दादूंपुढं तसं म्हणायची सोय नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात फाळणी रद्द झाली आणि राजधानी दिल्लीला हलवायचं जाहीर झालं, तेही काहीजण ह्या सामन्याच्या खात्यावर मांडायचे. राज्यकारभार काय एका गोलावर हलतो? पण माणसाला आपल्या विजयाचा वेल लांबवर गेलेला बघायला आवडतो.

दुसऱ्या बाजूला ईस्ट बंगाल. तो क्लब 1920 चा. पूर्व बंगालच्या माणसांना इकडचे कमी लेखतात, ह्या रागातनं निघालेला. पुढं 1947 ला देश तुटला, लाखो लोक घरदार टाकून कलकत्त्याला आले, आणि त्यांना नव्या गावात आपलं म्हणावं असं जे होतं त्यात हा क्लब होता. इकडचे ते घोटी, तिकडचे ते बांगाल. मोहनबागान जिंकला की बाजारात कोळंबी महाग, ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा. गंमत अशी, की 1911 च्या अकरा जणांतले बरेचसे मूळचे पूर्व बंगालकडचे होते. घोटी लोक ज्याची पूजा करतात तो संघ बांगालांच्या पायांवर उभा होता. हे आमच्या समोरच्या पेढीवरच्या ईस्ट बंगालवाल्यानं एकदा काढलं आणि दोन दिवस ओट्यावर कुणी कुणाला चहा दिला नाही.

मुंबईशीही ह्या क्लबाचा जुना संबंध. कूपरेजला रोव्हर्स कप व्हायचा, 1891 पासूनचा. 1923 साली मोहनबागान त्याच्या शेवटच्या सामन्यापर्यंत आला आणि पलटणीकडनं हरला. 1955 ला जिंकला. आता तो कपच बंद पडला.

आता सिनेमाचं सांगतो. मी तिकडं असताना 'धन्यि मेये' नावाचा 1971 चा सिनेमा फार चालायचा, पूजेच्या मंडपात पडदा लावून दाखवायचे. उत्तमकुमार, आणि नवरीच्या कामात जया भादुरी. फुटबॉलवेड्या माणसाची गोष्ट, सगळी हसवणूक. त्यात मन्ना डे यांचं फुटबॉलवरचं एक गाणं आहे. ते लागलं की घोटी आणि बांगाल एका सुरात म्हणायचे. तेवढ्यापुरतं भांडण मिटायचं. त्या सिनेमात इंग्रज नाही, पलटण नाही, निशाण नाही. तरी मला वाटतं की मैदानावर जाणाऱ्या माणसाचं वेड त्यात नेमकं पकडलंय.

मग 2011 ला, सामन्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, अरुण रॉय यांनी 'एगारो' काढला. एगारो म्हणजे अकरा. आमचं दुकान आता पुतण्या बघतो. त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा त्याच्या खोलीवर आम्ही सात-आठ जणांनी तो बघितला. त्यात दोघं माझ्या वेळचे, आता म्हातारे झालेले. दादू कधीच गेले होते. सिनेमा चालू असताना कुणी बोललं नाही. अभिलाषचा गोल झाला तेव्हा सगळे उठून उभे राहिले, निकाल शंभर वर्षं माहीत असून. आणि सिनेमा संपल्यावर वाद सुरू झाला. पडद्यावर काय दाखवलं ह्यावर नाही. "माझे वडील असं सांगायचे," "माझा आजा तसं सांगायचा," ह्यावर. ज्याच्या त्याच्या घरातला सामना वेगळा होता. पुतण्याचा पोरगा बारा वर्षांचा, त्याला हे वाद कळेनात. त्याच्यापुरता सामना म्हणजे तो सिनेमा. मला तिथं चर्र झालं. पडद्यावरचा सामना एकच असतो. घरोघरचे हजार सामने म्हाताऱ्यांबरोबर जाणार आणि तो एकच मागं उरणार.

पुढं 'गोलोंदाज' आला, 2021 ला, नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांच्यावर. ज्यांनी मोहनबागानच्याही आधी बंगाली पोरांना फुटबॉलची गोडी लावली आणि ज्यांच्या शोभाबाजार क्लबानं 1892 ला ट्रेड्स कपात ईस्ट सरे पलटणीला हरवलं, तो माणूस. मग 2024 ला हिंदीत 'मैदान' आला, हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर. 1962 ला जकार्तात आशियाई स्पर्धेत भारतानं दक्षिण कोरियाला दोन-एकनं हरवून सुवर्ण घेतलं, ती गोष्ट. कप्तान चुनी गोस्वामी, जन्मभर मोहनबागानकडनंच खेळलेले. जर्नेलसिंग, तेही मोहनबागानचे, डोक्याला टाके पडलेले असताना पुढं येऊन खेळले आणि गोल केला. पुतण्याचा फोन आला, "तात्या, आपले चुनीदा पडद्यावर आले!" आवाजात असं, की घरातलं कुणी आलंय.

हे सगळे सिनेमे चांगलेच आहेत. पण बघा, त्यात शेवट काय असतो? विजय. ओट्यावरच्या बैठकीत तसं नव्हतं. तिथं 1975 पण निघायचं. शील्डच्या शेवटच्या सामन्यात ईस्ट बंगालनं पाच-शून्यनं मारलं ते. दादू ते सांगताना आवाज खाली आणायचे. मग लगेच 1977 काढायचे. पी. के. बॅनर्जींच्या शिकवणीत त्या साली क्लबानं शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स तिन्ही जिंकले, आणि सप्टेंबरात पेलेच्या कॉसमॉस संघाशी ईडन गार्डनवर दोन-दोन बरोबरी केली. मी वर्षभर उशिरा पोचलो म्हणून मला पेले दिसला नाही, ह्याबद्दल सगळी गल्ली माझी कीव करायची.

आणि एक दिवस असा, जो मी त्या शहरात असताना झाला. 16 ऑगस्ट 1980. ईडन गार्डनवर मोहनबागान आणि ईस्ट बंगालचा लीगचा सामना. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, ती गॅलरीत पेटली, दगड-विटा, पळापळ, चेंगराचेंगरी. सोळा प्रेक्षक मेले. आमच्या गल्लीतला एक पोरगा रात्री उशिरा आला, एका पायात चप्पल नव्हती, शर्टाची बाही फाटलेली. तो बोलेना. त्याच्या आईनं त्याला अंगणातच बसवून डोक्यावर पाणी ओतलं. समोरच्या पेढीवरचा ईस्ट बंगालवाला त्याच्यासाठी भात घेऊन आला. त्या महिन्यात ओट्यावर फुटबॉल कुणी काढला नाही.

ह्या दिवसावर मोठा सिनेमा निघाल्याचं माझ्या बघण्यात नाही. निघाला तरी शेवटी टाळ्या कुठं पडायच्या? पण लोक विसरले नाहीत. दर 16 ऑगस्टला कलकत्त्यात फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात आणि त्यादिवशी रक्तदान करतात. घोटी येतो, बांगाल येतो. 29 जुलैला मोहनबागान दिवस असतो, त्याला हार, दिवे, भाषणं, सन्मान. दोन्ही दिवस त्याच क्लबाच्या इतिहासातले.

मध्यंतरी 2020 ला क्लब एका व्यावसायिक संघात मिसळला आणि नावापुढं 'एटीके' लागलं. चाहते चिडले. फलक धरले, घोषणा दिल्या, आमचं नाव आम्हाला द्या. 2023 ला ती अक्षरं निघाली आणि 'मोहनबागान सुपर जायंट' झालं. आमच्या गावात एकानं विचारलं, तीन अक्षरांसाठी एवढं कशाला? मी त्याला म्हणलं, तुझ्या सातबाऱ्यावर तुझ्या बापाच्या नावाआधी सावकाराचं नाव चढवलं तर चालंल काय?

गलाईत एक गोष्ट शिकलो. सोनाराच्या दुकानातली माती टाकायची नसते. दिसायला कचरा, पण त्यात कण असतो, आणि तो काढायला भट्टी पेटवून घाम गाळावा लागतो. सिनेमा म्हणजे तयार दागिना, झळकतो, सगळ्यांना दिसतो. पण ओट्यावरच्या म्हाताऱ्यांची बोलणी म्हणजे ती माती. त्यात हार, लाज, भांडण, मेलेली पोरं, खोटी भर घातलेल्या गोष्टी, सगळंच मिसळलेलं. पुतण्याला मी आता सांगितलंय, तुझ्या शेजारचे जे दोघं म्हातारे उरलेत, त्यांच्यापुढं मोबाईल धर आणि बोलू दे. त्यानं सुरुवात केलीय. पहिल्या दिवशी एकानं दोन तास पतंगाचीच गोष्ट सांगितली, आणि दुसरा मधेमधे म्हणत होता, "पतंग नव्हता रे, चुकीचं सांगतोयस." दोघांचंही ठेवायला सांगितलंय.